एकशे बारावी मतविभागणी

फोन वाजला तेव्हा साहेबांची डाव्या पायाची नखं कापून झाली होती आणि उजवा पाय त्यांनी नुकताच स्टुलावर घेतला होता. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर नखांचे पाच पांढरट चंद्र. सभागृह सोडून बारा वर्षं झाली होती, तरी दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना साहेबच म्हणत, आणि आता आपलं खरं नाव कुणी उच्चारलं की ते क्षणभर कोण नवीन माणूस आलाय म्हणून बघत. फोनवर ती मुलगी होती. कुठल्याशा संस्थेत माजी सदस्यांच्या कामाची नोंद तयार करायची, प्रत्येकाचं एक पान, ते संगणकावर सर्वांना बघायला खुलं. संख्याशास्त्र शिकलेली. मागच्या महिन्यात दोनदा बोलली होती, आणि साहेबांनी तिचं नाव आकडेवाली ठेवलं होतं.

"बोला आकडेवाली बाई."

"सर, तुमचं पान तयार झालंय." ती हसली, पण घाईत. "दोन कार्यकाळ, हजेरी एक्क्याण्णव टक्के, प्रश्न तीनशे अठरा, चर्चेत भाग सत्त्याहत्तर वेळा, मतविभागण्या दोनशे सहा. फक्त एक जागा जुळत नाही."

"सरकारी कागद आहेत. सगळेच जुळले असते तर मला संशय आला असता."

"एकशे बारावी मतविभागणी, सर. भूजल विधेयक. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी हजेरीपटावर तुमची सही आहे. दुपारी चार चाळीसला मतं घेतली, तिथे तुमच्या नावापुढे अनुपस्थित आहे." ती थांबली. पुढचं बोलणं तिला जड जात होतं हे साहेबांना तारेच्या या टोकाला कळलं. "आणि तुमच्या पंचाहत्तरीच्या पुस्तिकेत ताईंचा लेख आहे. त्यात लिहिलंय, आई गेली त्या दिवशी बाबा भूजल विधेयकावर मत देत होते, म्हणून पोचू शकले नाहीत. असं विचारणं बरं नाही, पण पान सोमवारी लोकांपुढे जाणार. बऱ्याच जणांच्या बाबतीत यंत्रानं मत पकडलंच नव्हतं असं निघालंय. तसं असेल तर मी खाली टीप टाकते. दोनशे अक्षरांची जागा असते."

"बघून सांगतो."

"शंका आली की दोन्ही बाजूंना विचारायचं असा आमचा नियम आहे, सर. म्हणून ताईंनाही काल लिहिलंय."

साहेबांनी फोन ठेवला. उजव्या पायाची नखं तशीच राहिली. वर्तमानपत्राची घडी घालून ते कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले आणि घडी हातात घेऊनच परत आले. एका पायाची बोटं चपलेत मोकळी आणि दुसऱ्याची अडखळणारी, असा तो चालण्यातला बारीकसा फरक त्यांना प्रत्येक पावलाला जाणवत होता. अठरा वर्षं. अठरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांजवळ आधीच होतं. ते उत्तर त्यांनी एकदाच दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते घरी पोचले, दारात मुलगी उभी होती, तेव्हा बावीस वर्षांची, डोळे सुजून बारीक झालेले, आणि तिनं तोंड उघडण्याआधी ते म्हणाले होते, मतदान होतं. दोन शब्द. मुलीनं मान हलवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं, डागडुजी करावी लागते असं त्यांनी ऐकलं होतं, पण या खोट्याला त्यांना पुन्हा बोट लावावं लागलं नाही. ते दुसऱ्यांनीच सांभाळलं. मेहुण्यानं भेटायला आलेल्यांना सांगितलं. वर्षभरानं निवडणूक आली तेव्हा एका कार्यकर्त्यानं भर सभेत सांगितलं, की स्वतःच्या घरात मरण उभं असताना हा माणूस तुमच्या विहिरींसाठी मत द्यायला उभा होता. साहेब व्यासपीठावर मान खाली घालून बसले. लोकांना ते दुःख वाटलं. त्या गावात त्यांना पूर्वी कधी मिळाली नव्हती इतकी मतं पडली. मग मुलीनं ते लिहिलं, छापलं, आणि छापल्यावर तर ते इतकं घट्ट झालं की कधीकधी साहेबांना स्वतःलाच बटण दाबल्याची आठवण यायची. हिरव्या बटणाचा गुळगुळीत थंडपणा, बोटाखाली. दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाचा तो स्पर्श या दिवसाला येऊन चिकटला होता, आणि त्यांनी तो सोडवला नव्हता.

खरं तर त्या दिवशी त्यांना मत द्यायचंच नव्हतं. देण्याची गरज नव्हती. सभागृहात एक जुनी रीत होती, कुठल्या नियमपुस्तकात नसलेली. एका बाजूच्या सदस्याला घरच्या अडचणीनं जावं लागलं, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत द्यायचा नाही. दोन्हीकडचं एकेक कमी, फरक तोच. याला ते जोडी लावणं म्हणत. कागद नाही, सही नाही, फक्त शब्द. आदल्या संध्याकाळी समोरच्या बाकावरचे मास्तर त्यांना उपाहारगृहात गाठून म्हणाले होते, "तुझ्या घरचं कळलं मला. तू जा."

"मास्तर, उद्या भूजल आहे. आमचा प्रतोद सोडायचा नाही."

"तुमच्या प्रतोदाशी बोललोय मी. माझी जोडी लाव म्हटलं. तू नाहीस तर मीही नाही."

"तुम्ही? तीन वर्षं भांडताय तुम्ही या विधेयकाशी."

"भांडून झालंय की. आता बटण दाबायचं तेवढं राहिलंय, ते काय कुणीही करेल." मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, आणि अजूनही बोलताना बोटांना खडू लागल्यासारखी ती एकमेकांवर घासायचे. "दुपारी बारा वीसची गाडी आहे. ती धर. वहिनींना माझा नमस्कार सांग."

साहेबांनी रात्रीच बॅग भरली होती. सकाळी अंघोळ करून, बॅग घेऊन ते स्टेशनकडे निघाले, आणि वाटेत त्यांनी चालकाला सांगितलं, पाच मिनिटं इमारतीत थांबू, सही करून येतो. त्या अधिवेशनात त्यांचा एकही दिवस चुकला नव्हता. हजेरीपटावरचा आपल्या नावासमोरचा चौकोन रिकामा राहिलेला त्यांना बघवत नसे. सहीला काही अर्थ नव्हता, घरी जायचं तर त्या दिवशी हजर दिसणं उलट विचित्रच होतं, पण हात सवयीनं गेला. अकरा पाच. मग ते बॅग घेऊन बाहेर यायला निघाले आणि बाहेर येण्याऐवजी जिना चढून ग्रंथालयात गेले. असं का, हे त्यांनी पुढं कितीदा स्वतःला विचारलं. पण पाय जेव्हा वळले तेव्हा काही ठरवलेलं नव्हतं. घड्याळात वेळ होता एवढंच. अजून वेळ आहे, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि बारा वीस होईपर्यंत तेच म्हणत राहिले.

बारा वीसला त्यांच्यासमोर विहिरींच्या पातळीचा एक अहवाल उघडा होता. एकेका जिल्ह्याचा तक्ता, मीटरमध्ये, दर महिन्याचा आकडा. पाणी कुठं किती खोल गेलं ते त्यांनी ओळीनं वाचलं. तीन पाचची दुसरी गाडी होती. तीही त्यांनी तक्ता वाचत जाऊ दिली. टेबलाखाली पायाला बॅग लागत होती, कुत्र्यासारखी मुकाट. चार पस्तीसला मतविभागणीची घंटा सुरू झाली. ती सगळ्या इमारतीत वाजते, मजल्यामजल्यावर, स्वच्छतागृहातसुद्धा, आणि ती थांबली की सभागृहाची दारं बंद होतात. ग्रंथपाल टेबलाजवळ आला.

"साहेब, घंटा होतेय."

"ऐकू येतेय."

"दारं बंद होतील."

"होऊ देत."

ग्रंथपालाला वाटलं असेल काही राजकारण आहे, तो गेला. साहेब बसून राहिले. खाली जाऊन मत दिलं असतं तर मास्तरांचा शब्द मोडला असता. वर बसून ते कुणाचा शब्द मोडत होते, ते त्यांना नीट माहीत होतं. पोटात एक विचित्र हलकेपणा होता, शाळा बुडवलेल्या मुलाच्या पोटात असतो तसा, आणि त्या हलकेपणाची लाज त्यांना अजून, या वयात, उजवा पाय चपलेत अडखळत असताना, कानशिलापर्यंत तापवत होती. घंटा थांबली. पाच वाजता ते बॅग घेऊन पायऱ्या उतरले, तर खाली मास्तर उभे होते. घोळक्यापासून जरा बाजूला, पोटावर हात धरून. त्यांनी बॅगेकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"गेला नाहीस?" एवढंच.

मास्तरांनी बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "सहाची गाडी आहे. तीन तासांनी पुढं बदलावी लागते. जा." पुढं कधीही, कुणाजवळही, त्यांनी हा विषय काढला नाही. आपल्या बाजूला त्यांनी पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं, कारण जोडी लावली म्हटलं असतं तर कुणासाठी हा प्रश्न आला असता आणि साहेबांच्या घरचं चारचौघांत गेलं असतं. तीन वर्षं भांडलेलं विधेयक, आणि ऐन वेळी मास्तरांचं पोट दुखलं. त्यांच्याच पक्षातल्या पोरांनी त्यांना पोटदुखे मास्तर म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटलं. उपाहारगृहात एकदा साहेबांच्या टेबलावरही कुणीतरी तो विनोद केला होता. साहेब हसले होते. थोडंसंच, पण हसले होते. मास्तर जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांचंही पान आकडेवालीनं केलं असणार, आणि त्यावरही एकशे बारासमोर तोच शब्द असणार.

गाडी का धरली नाही, या प्रश्नाच्या तळाशी जे होतं तिथं साहेब सहसा जात नसत. आज गेले. त्याआधीच्या रविवारी ते इस्पितळात होते. खोलीत औषधाचा आणि उकडलेल्या कपड्यांचा वास होता. बायकोचे हात पांघरुणावर होते, बोटं सुजून गुळगुळीत झालेली, आणि ती म्हणाली, अहो, नखं वाढलीत माझी, टोचतात, कापून देता का. इतकं साधं. तिनं उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे फार काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. त्यांनी तिचा हात उचलला. तो हात तिचा वाटेना. कातडीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा उमटला आणि तसाच राहिला, भरून आला नाही. ते बघून त्यांच्या आत काहीतरी मागं सरलं. नर्सला बोलावतो, असं म्हणून ते बाहेर गेले आणि नर्सशी बोलून तसेच खाली उतरले, स्टेशनवर गेले. राजधानीत त्यांच्याकडे दिवसाला चाळीस माणसं काही ना काही मागायला येत. रस्ता, बदली, शिफारस, पाण्याची टाकी. त्या प्रत्येक मागणीला काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्या एका मागणीला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, आणि गाडीत बसलं की पाच तासांनी पुन्हा त्या हातासमोर उभं राहायचं होतं.

मुलगी चार वाजता आली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मुख्य होती. रोज दोनेकशे अहवालांवर तिची सही जायची, आणि आकडा जरा इकडेतिकडे वाटला की ती नमुना पुन्हा मागवायची. घरात यायच्या आधीच ती बोलायला लागली होती.

"बाबा, त्या बाईला काही रीतभात आहे की नाही? माझ्या लेखावर शंका घेतेय. मी कालपासून तीनदा वाचली तिची मेल, प्रत्येक वेळी जास्तच राग आला." तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "यंत्राची चूक आहे हे उघड आहे. तुम्हीच सांगायचात ना, बटणं अडकायची म्हणून?"

"अडकायची कधीकधी."

"तेच मी लिहिलंय. ऐका. 'सदस्यांनी मत दिले होते, तांत्रिक बिघाडामुळे त्याची नोंद झाली नाही.' सरळ, सभ्य. पाठवते?"

तिचं बोट वर होतं. साहेबांना वाटलं, हो म्हणायचीसुद्धा गरज नाही. गप्प बसलं तरी चालेल, ती पाठवेल, आणि सोमवारपासून ही गोष्ट यंत्राच्या नावावर जाईल. यंत्र काही बोलणार नाही, आणि मास्तरही नाहीत. मुलगी आज चाळीस वर्षांची होती आणि तिच्या कपाळावर, रागावली की, आईची तीच उभी रेघ उमटायची. आपल्या बापासाठी ती रागावली होती. हा राग आपला नाही, आपण तो चोरून घेतोय, असं त्यांना इतक्या स्पष्टपणे वाटलं की त्यांनी टेबलाची कड धरली.

"थांब," ते म्हणाले. "यंत्र बरोबर आहे."

"म्हणजे?"

"मी मत दिलं नाही. मी आत नव्हतो. वर ग्रंथालयात होतो."

ती हसली, समजलं नाही की हसतात तशी. मग साहेबांनी सांगितलं. मास्तर, जोडी, बॅग, सही, तक्ता, घंटा. कुठं काही मऊ केलं नाही. मधेच त्यांना खोकला आला, तिनं पाणी दिलं नाही.

"सही किती वाजता?"

"अकरा पाच."

"गाडी?"

"बारा वीस."

"पाच तास. म्हणजे पाच वीसला तुम्ही पोचला असतात." ती बापाकडे न बघता, पडद्याकडे बघून बोलत होती, प्रयोगशाळेत बोलत असेल त्याच आवाजात. "आई सात दहाला गेली. एक तास पन्नास मिनिटं."

"हो."

"तुम्हाला कोणी अडवलं नव्हतं."

"नाही."

"मी तिला सांगत होते बाबा. दर अर्ध्या तासानं. अजून मतदान झालं नाही, अजून झालं नाही. बाहेरच्या टीव्हीवर निकाल लागला तेव्हा धावत आत जाऊन सांगितलं. तर म्हणाली, झालं का, आता निघतील ते. आणि मला म्हणाली, केस जरा नीट कर माझे." ती थांबली. "हे मी लेखात लिहिलं नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून."

मुलगी उठली, खिडकीपर्यंत गेली, तिथं पाठ करून उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं, ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. आता ही पर्स उचलेल, असं साहेबांना वाटलं, आणि ती उचलली तर थांब म्हणायचं नाही हे त्यांनी मनाशी नक्की केलं. ती परत येऊन बसली. आधी लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं.

"सांगा. दोनशे अक्षरं आहेत."

"लिही. या दिवशी मी इमारतीत होतो, मतदानाला गेलो नाही."

तिनं लिहिलं.

"मला घरी जाता यावं म्हणून विरोधी बाकावरच्या सदस्यानंही मत दिलं नाही. त्यांचं नाव घाल. त्यांच्या पानावरही हेच टाकायला सांग. त्यांचं पोट दुखत नव्हतं."

"पोटाचं यात मावणार नाही. ते मी वेगळं कळवते. पुढं."

"माझी पत्नी आजारी होती."

मुलीची बोटं थांबली. "आजारी आधीपासून होती. त्या दिवशी ती गेली. तसं लिहू."

"तसं लिही. मी घरी गेलो नाही."

"कारण लिहायचंय? थोडी जागा उरलीय."

साहेबांनी आपल्या हातांकडे बघितलं. "भीती वाटली, लिही."

तिनं ते लिहिलं, पूर्णविराम दिला, वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. काही आवाज झाला नाही. साहेब उठायला लागले. "चहा टाकतो."

"नंतर. बसा."

तिनं त्यांचं पान उघडलं आणि ते वर सरकवत नेलं, एकशे बाराच्या मागं, पहिल्या कार्यकाळापर्यंत, पहिल्या अधिवेशनापर्यंत, अगदी पहिल्या ओळीपर्यंत. मग पर्समधून पेन आणि प्रयोगशाळेचं पॅड काढलं.

"तिसरा दिवस. प्रश्न क्रमांक एक, शाळांच्या छपरांबद्दल. हा तुम्ही लिहिलात?"

"मीच लिहिला."

"उत्तर ऐकायला होतात?"

"होतो."

तिनं खूण केली. "चौथा दिवस. रस्त्यांवरच्या चर्चेत भाग, नऊ मिनिटं."

"भाषण सचिवानं लिहिलं होतं. मी वाचलं."

तिनं खूण केली नाही. पॅडवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ओळीवर बोट ठेवूनच म्हणाली, "अशा सहाशे ओळी आहेत, बाबा."

"असतील."

"पाचवा दिवस," ती म्हणाली.